छप्पर बांधणारा ‘अकुशल’ कुणी ठरवला?

माझ्या वडिलांच्या हजेरी कार्डांवर कामाच्या रकान्यात एकच शब्द आहे: बिगारी. अशी अकरा कार्डं घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत, वेगवेगळ्या ठेकेदारांची, वेगवेगळ्या शाईतली. अप्पांनी बावीस वर्षं पुण्यात परांच्या बांधल्या. जुन्या वाड्यांवर, देवळांवर, एकदा एका चर्चवर. पावसाळ्यात दुरुस्ती चालू असलेल्या इमारतीवर तात्पुरतं छप्पर उभं करायचं असलं की मुकादम त्यांनाच बोलवायचा. तरी कार्डावरचा शब्द बदलला नाही. हा शब्द कुठून आला हे इथल्या वाचकांना सांगायला नको. वेठबिगारीतली बिगारच ती. फक्त वेठ गळून पडली आहे, आणि काही ठिकाणी तीही गळलेली नाही.

हे लिहायला मात्र भाग पाडलं ते सरगूरमधल्या एका घराने.

सरगूर हे म्हैसूर जिल्ह्यातलं कबिनी नदीकाठचं छोटं गाव. पूर्वी एच. डी. कोटे तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. एका बाजूला बंडीपूर आणि नागरहोळेचं जंगल, त्याच्या पलीकडे वायनाड. पीएच.डी.च्या क्षेत्रकामासाठी मी इथे राहते. विषय बांबूवर जगणाऱ्या जातींचं श्रम. कन्नड माझं अजून लंगडतंच. मी राहते त्या गल्लीत एक जुनं मंगलोरी कौलांचं घर आहे. समोरची भिंत रस्त्याच्या वळणाबरोबर वळलेली, मागचं स्वयंपाकघर वेगळ्याच कोनात, बाजूला नंतर काढलेली एक खोली, आणि डाव्या अंगाला शेजाऱ्याची भिंत जेमतेम वीतभर अंतरावर. घरात एकही काटकोन नाही. वासे कुजले होते, कौलं उतरवायची होती आणि जून तोंडावर आलेला. वायनाडकडून पाऊस येतो तेव्हा तो उघड्या घराची वाट बघत थांबत नाही. म्हणून आधी अख्ख्या घरावर बांबूचं तात्पुरतं छप्पर बांधायचं ठरलं.

काम करायला तिघे आले. दोघे मेदार समाजाचे, तिसरा जवळच्या हाडीवरचा जेनू कुरुबा मुलगा. (हाडी म्हणजे इथली आदिवासी वस्ती.) मेदार म्हणजे आपल्याकडचे बुरूड. हा आणखी एक गमतीचा प्रकार आहे: बांबू तोच, सुरी तीच, पण महाराष्ट्रात बुरूड अनुसूचित जातीत आणि कर्नाटकात मेदार अनुसूचित जमातीत. बाराव्या शतकातल्या शरणांमध्ये मेदार केतय्या होते, एवढं त्यांच्यातल्या मोठ्या माणसाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी त्यांना अण्णा म्हणते.

अण्णांनी पहिला अर्धा दिवस काहीच बांधलं नाही. ते घराभोवती फिरले. दोरी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजले, दोन्ही कर्ण वेगळे निघाले, ते हसले. भिंतीला मूठ मारून आवाज ऐकला. मग घरमालकांना म्हणाले, या भिंतीला मी एकही बांबू टेकवणार नाही. छप्पर आपल्या पायांवर उभं राहील, घराने त्याला धरायचं नाही.

पुढचे चार दिवस मी वही घेऊन बसले. वीतभर अंतराच्या बाजूला खांब उभे करायला जागाच नव्हती. म्हणून त्या बाजूचे पाय त्यांनी घराच्या आत घेतले, कौलं काढलेल्या जागेतून खाली, जमिनीवर फळ्या टाकून त्यांवर. छप्पर तिथून पुढे शेजाऱ्याच्या हद्दीच्या अलीकडेच थांबेल असं काढलं. वाकड्या घरावर एकच मोठं चौकोनी छप्पर टाकणं सोपं वाटतं, पण मग ते चारी बाजूंनी घराबाहेर जातं आणि वारा त्याच्या पोटात शिरतो. घराच्या आकाराप्रमाणे दोन छपरं जोडावीत तर जोडावर पन्हळ तयार होते, आणि तात्पुरतं छप्पर मरतं ते बहुतेक पन्हळीत. ताडपत्रीवर एका चौरस मीटरमध्ये दहा सेंटीमीटर पाणी साचलं तर ते १०० किलो भरतं. अण्णांनी दोन आढी वेगवेगळ्या उंचीवर घेतली. मोठ्या पाख्याची वळचण छोट्या पाख्याच्या वर हातभर आणून सोडली. पाणी वरून खाली, खालून बाहेर. मध्ये कुठे थांबायला जागाच नाही. आढ्याचं पाणी वळचणीला ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते, ती कुणी तरी हाताने करताना पहिल्यांदा पाहिली.

सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटच्या दिवशी दिसली. खांब, आडवे बांबू आणि कैच्या त्यांनी भिजवलेल्या काथ्याने घट्ट निरगाठीत बांधल्या होत्या. ताडपत्री मात्र बारीक सुतळीने, सुटेल अशी. मला वाटलं दोर संपला. अण्णा म्हणाले, फार मोठा वारा आला तर छप्पर खाली पडत नसतं, वर उचललं जातं. तेव्हा कापड आधी फाटून उडालं पाहिजे. कापड गेलं तर दोनशे रुपये गेले, सांगाडा गेला तर माणूस गेला. प्रत्येक खांबाच्या पायाशी वाळूची पोती ठेवली तीही याचसाठी, सांगाडा जमिनीला दाबून धरायला.

त्या संध्याकाळी मी अप्पांना व्हिडिओ पाठवला. अप्पा लातूर जिल्ह्यात आमच्या गावी असतात, घराबाहेर फारसे पडत नाहीत, का ते पुढे सांगते. दहा मिनिटांनी फोन आला. ना जेवलीस का, ना कशी आहेस. “त्या आतल्या दोन खांबाला कैची कमी हाय. वारा पल्याडनं आला तर ते दोन नाचतील. सांग त्यास्नी.” मी सकाळी सांगायला गेले, तर अण्णा त्याच दोन खांबांना कैची बांधत होते. या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. दोघेही शाळेत चौथीच्या पुढे गेलेले नाहीत. हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. आणि दोघांनी एकाच रात्रीत एकाच ठिकाणची चूक ओळखली.

आता मला सांगा, याला अकुशल म्हणायचं कुठल्या मापाने?

वाऱ्याची उचल, पाण्याचा भार, पायाखालचा दाब, आधी काय तुटावं आणि काय टिकावं याचा क्रम, हे सगळं अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवलं जातं आणि ते शिकवणाऱ्याला सातव्या वेतन आयोगाचा पगार असतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांमध्ये कामगारांचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असत. मस्टरवर माणूस कुठल्या वर्गात जाईल हे त्याच्या हातावरून ठरत नाही. कागद आहे का यावरून ठरतं, आणि कागद नसेल तर त्याला पाहून मुकादमाच्या तोंडून पहिला जो शब्द निघतो त्यावरून. तो पहिला शब्द जातीकडे पाहून निघतो. गवंडी मिस्त्री होतो, सुतार मिस्त्री होतो. दोर वळणारा, बांबू बांधणारा आणि माती उचलणारा बिगारीच राहतो. मांगाने केकताडाचा दोर वळायचा, बुरडाने बांबू फोडायचा, वडाराने दगड फोडायचा, बेलदाराने भिंत रचायची. आणि इमारत झाली की ती बांधली कुणी, तर अमुक सरदारांनी किंवा तमुक महाराजांनी.

आम्ही मातंग. माझे आजोबा दोर वळायचे. पीळ किती द्यायचा, कुठला धागा पावसात आवळतो आणि कुठला ढिला पडतो, हे अप्पा त्यांच्याकडून शिकले आणि परांचीवर घेऊन गेले. बैलाच्या कासऱ्यापासून वाड्याच्या छपरापर्यंत तेच ज्ञान आलं. दाम मात्र कासऱ्याचाच राहिला.

म्हैसूरकडे पाहा. १८९७ साली इथला लाकडी राजवाडा आगीत गेला आणि १९१२ मध्ये नवा पूर्ण झाला. वास्तुरचनाकार हेन्री आयर्विन, हे इथला कुठलाही गाइड सांगतो. त्या घुमटांभोवती परांची कुणी बांधली, हा प्रश्न मी तीन गाइडांना विचारला. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी राजवाड्यात झाडू कुठे ठेवतात असं विचारलं. याच शहरात २०१२ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सडाउन बिल्डिंगचा भाग कोसळून चार माणसं मेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचा एक भाग कोसळला. दोन्ही पावसाळ्यात. पुढे वर्षानुवर्षं वाद चालला तो पाडायचं की जपायचं यावर. वारसा कुणाचा, शैली कुठली, दर्शनी भाग कसा राहील. चुन्यात बांधलेल्या विटांच्या इमारतीत वरून पाणी मुरत असताना पहिला प्रश्न ‘वर छप्पर कोण आणि कधी घालणार’ हा असायला हवा. तो कुणाच्याच प्रतिष्ठेचा नसतो, कारण छप्पर तात्पुरतं असतं. ते उतरवल्यावर त्याचा फोटोही कुणी ठेवत नाही.

पॅरिसचं उदाहरण मुद्दाम देते, कारण आपल्याकडे परदेशाचं नाव घेतल्याशिवाय श्रमाला इज्जत मिळत नाही. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दामला आग लागली तेव्हा दुरुस्तीसाठी बांधलेली परांची वर होतीच. सुमारे ४०,००० नळ्या, वजन २०० टनांच्या घरात, आगीत वितळून एकमेकांना चिकटलेल्या. ती काढायला २०२० च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वेळ लागला. दोरांवर लटकून नळ्या कापणाऱ्या कामगारांना जगभरच्या टीव्हीने दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या शिखरावर सोनेरी कोंबडा बसवला, त्याच्या पोटात दुरुस्तीवर काम केलेल्या जवळपास २,००० जणांच्या नावांची यादी ठेवली. फ्रान्स काही समतेचा स्वर्ग नाही, तिथल्या बांधकामांवर आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे काय हाल असतात हेही वाचलंय. पण यादी केली. आपल्याकडे काशी विश्वनाथ कॉरिडॉरच्या उद्घाटनाला २०२१ मध्ये पंतप्रधानांनी कामगारांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. पाकळ्यांवर प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही.

आणि ही फारकत जुनी आहे. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीची शाळा निघाली, सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून. त्याच शहरात पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना गाडत असल्याचं तिने त्यात लिहिलं आहे. एका वर्षाच्या अंतराने, एकाच शहरात, इमारत या एकाच गोष्टीचे हे दोन दस्तऐवज. पहिला अभियांत्रिकीच्या इतिहासात जातो, दुसरा ‘दलित साहित्याच्या पार्श्वभूमी’त. मला ते एकाच पुस्तकात, समोरासमोरच्या पानांवर हवे आहेत.

आता अप्पांचं. २०१७ च्या पावसाळ्यात एका वाड्यावरचं छप्पर उतरवताना ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. ठेकेदार रिक्षाचे पैसे देऊन गेला. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कायदा वाचता येत होता, म्हणून मला वाटलं आता काहीतरी होईल. तेव्हा १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा लागू होता. त्यात दुरुस्तीचं काम येत होतं. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर गोळा होतो, महाराष्ट्रात २०११ पासून मंडळ आहे. नोंदणीला अट एकच: वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला.

ही अट कुणी लिहिली असेल त्याने इमारतीला कायमचा माणूस डोळ्यांपुढे ठेवला असणार. तात्पुरतं छप्पर बांधायला चार दिवस, उतरवायला दोन. ९० दिवस भरायचे तर पंधरा इमारती, आणि पंधरा मालकांची पत्रं. आम्ही ज्या ठेकेदारांकडे गेलो त्यांतल्या एकाने अप्पांना ओळखलंच नाही, दुसऱ्याने ओळखलं पण लिहून द्यायला नकार दिला. गावात दाखला मागितला तर उत्तर मिळालं, काम गावात झालेलं नाही. शहरातल्या एका कार्यालयात सांगितलं, आधी ठेकेदाराचं पत्र आणा. अकरा हजेरी कार्डं टेबलावर ठेवली. समोरच्या बाईंनी ती उलटीसुलटी करून विचारलं, यात परांची कुठे लिहिलंय? खरंच कुठेच नव्हतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ९० दिवसांची अट तशीच आहे. जो माणूस दुसऱ्याच्या घरावर पाऊस पडू नये म्हणून एका हंगामापुरतं छत धरतो, त्याच्या कामाचा हंगामीपणाच त्याला कायद्याबाहेर काढतो. याला अपघात म्हणणं मला जमत नाही.

इथे काही वाचक म्हणतील, मग काय जातीचे धंदे पुन्हा गौरवायचे? नाही, अजिबात नाही. ते करायला सरकार समर्थ आहे. सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना चालू आहे: अठरा पारंपरिक धंदे, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, स्वस्त कर्ज. बापाचं काम मुलाने करावं यावर सरकारी शिक्का. त्या अठरांत टोपल्या विणणारा आहे, परांची बांधणारा नाही. म्हणजे जोपर्यंत आमचा हात जातीच्या धंद्यात आहे तोपर्यंत तो कारागीर, आणि तोच हात आधुनिक बांधकामाच्या बाजारात आला की बिगारी. १९५३ मध्ये मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. लोकांनी ती वर्षभरात हाणून पाडली. बरोबर केलं. अप्पांच्या दोराचं कौतुक मला नको आहे. मला मस्टरवर ‘कुशल’ हवंय, त्या दराने मजुरी हवी आहे, इमारतीगणिक नव्हे तर माणसागणिक नोंद हवी आहे, आणि पडल्यावर दवाखान्याचं बिल भरणारा कुणीतरी हवा आहे. यानंतर माझ्या भावाला परांचीवर चढायचं नसेल तर न चढण्याचा हक्कही हवा आहे. तो चढत नाही. तो बँकेच्या परीक्षांची तयारी करतो आणि मित्रांना सांगतो की वडील ‘कन्स्ट्रक्शन लाइन’मध्ये होते.

मीही तेच सांगायचे. एम.ए.च्या मुलाखतीत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं होतं. आमच्याकडे शेतीचा एक गुंठा नाही. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर इथे थोडं स्वतःकडेही बघूया. बापाला बिगारी मुकादमाने लिहिलं हे खरं, पण त्यानंतर फॉर्मवर ते खोडून शेतकरी, खाजगी नोकरी, इतर असं आपणच लिहीत आलोय. त्याच्या कामाचं नाव लिहिणारे सगळ्यात जवळचे हात आपले होते.

विद्यापीठातही मी काही फार शूर नव्हते. माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या तक्त्यात सरगूरचे अण्णा ‘अकुशल, असंघटित’ या रकान्यात बसले होते, कारण सर्वेक्षणांचे रकाने तसेच असतात आणि तक्ता जुळायला हवा असतो. छपराच्या त्या चार दिवसांनंतर मी तो बदलला. गाठी, उंच्या, पाण्याची वाट, आधी काय तुटावं, हे सगळं तपशिलाने लिहिलं. वाचून एका वरिष्ठांनी विचारलं, हे समाजशास्त्र आहे की सिव्हिल इंजिनिअरिंग? मी म्हटलं, या दोघांच्या मध्ये जी भिंत आहे तिच्यावर मी लिहितेय. ते काही बोलले नाहीत. तक्ता अजून मंजूर झालेला नाही.

परवा फोनवर मी तो अप्पांना वाचून दाखवला. तक्त्यात त्यांचीही एक ओळ आहे, नाव न लिहिता: पुरुष, ५८, कुशल, परांची व तात्पुरती छपरं, अनुभव २२ वर्षं. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग थोडा वेळ गप्प राहून विचारलं, “म्हंजी आता मागल्या बावीस वर्षांचा फरक मिळतो का?”